नावाआधीची जागा

देवळाची पायरी कुणी घरात आणतं का? टेम्पो थांबलेला बघून शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या आणि त्यांनी हेच विचारलं. मी टेम्पोकडे वळले. चौघांनी मिळून तो काळा दगड उतरवला, पडवीत दोन चिऱ्यांवर आडवा ठेवला. टेम्पोवाला घाम पुसत म्हणाला, "बाईनु, ह्येचो पाटो पण व्हवचो नाय. करतलास काय ह्येचा?" मी त्याला चहा दिला. शाळेत इतकी वर्षं मुलांना पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला शिकवलं, आणि आपल्यावर वेळ आली की मी चहा टाकते.

गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार चाललाय. जुन्या पायऱ्या काढून तिथे चकचकीत ग्रॅनाइट बसणार आहे. काढलेले दगड देवळामागे बकुळीखाली टाकले होते, काही उताणे, काही पालथे. तिथून ते खाडीच्या बांधात भर म्हणून जायचे होते. मी गेले तेव्हा बकुळीची फुलं त्यांच्यावर पडून सुकली होती आणि एक कुत्रं सावलीला निजलं होतं. प्रत्येक पायरीवर एकेका घराचं नाव. मी मात्र नाव शोधत नव्हतेच. मी नावाआधीची मोकळी जागा शोधत होते.

त्याच्या आदल्या दिवशी समितीतल्या तरुण इंजिनियरचा फोन आला होता. मुलगा चांगला आहे, माझ्याच हाताखाली शिकलाय. फोनवर मात्र ऑफिसातलं बोलतो. "बाई, तुमच्या पायरीचं तेवढं कन्फर्म करायचं राहिलंय. रमाकांत या नावाआधी 'श्री' घालायचं की 'कै.'? नावं मशीनवर कापतात, सगळी एका मापात बसतात. मोकळी जागा सोडली तर चूक झाल्यासारखी दिसेल." मी म्हटलं, उद्या सांगते. आत खाटेवर आई पडून होती. नव्वदीला टेकलीय, पाय गेलेत, डोळ्यांपुढे धुकं आहे, पण कान शाबूत आहेत. तिने विचारलं, "कोण गो? काय विचारी होतो?" मी म्हटलं, काही नाही, देवळातलं. तिने कूस वळवली. आमच्या घरात हा प्रश्न असाच टाळायची जुनी सवय आहे.

रमाकांत माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणायचे. गणपती बुडवून झाल्यावरच्या एका सकाळी तो सायकलवरून निघाला. कसालच्या तिठ्यावर एका ओळखीच्या दुकानात सायकल ठेवली, "सांजेक नेतंय" म्हणाला आणि कुठल्याशा एस्टीत चढला. एवढं त्या दुकानदाराने पाहिलं. त्याच्यापुढचं कुणीच पाहिलं नाही. मग कुणी सांगायचं, कुडाळच्या स्टेशनात दिसला. कुणी सांगायचं, विजयदुर्गाच्या बंदरात होड्या रंगवताना पाहिला, दाढी वाढलीय पण तोच. दर वेळी बाबा जाऊन यायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर बाबांनी जाणं थांबवलं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी तेही वारले. तो का गेला, हे मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ज्यांनी ठाऊक असल्यासारखं सांगितलं त्यांच्याशी मी आजही नीट बोलत नाही.

सायकल तेवढी परत आली. आईने ती पडवीच्या कोपऱ्यात लावून घेतली. दर सोमवारी देवळातून आली की पदर खोचून साखळीला खोबरेल लावायची, पॅडल हाताने उलटं फिरवायची. चाक कुर्रर्र करत फिरायचं आणि तो आवाज थांबेपर्यंत ती तिथेच बसून असायची. दादाने मला त्याच सायकलवर कातळावर नेऊन शिकवलं होतं. पावसाळा सरताना कातळावर पिवळी फुलं येतात, त्यांच्यातून चाक गेलं की एक ओला, हिरवा वास उठायचा. तो मागून धरून पळायचा आणि मधेच सोडून द्यायचा, आणि तरीही "धरलंय, धरलंय" म्हणत राहायचा. मला खूप लांब गेल्यावर कळायचं की आवाज मागे राहिलाय.

बाबा गेले त्याच वर्षी दिवाळीनंतर देवळाच्या झिजलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या काढून काळ्या दगडाच्या घालायचं ठरलं. आमच्याकडे या काळ्या दगडाला काळीथर म्हणतात. एकेका घराने एकेक पायरी द्यायची आणि तिच्यावर घरातल्या कर्त्याचं नाव कोरून घ्यायचं, आमच्या घरात बाबांनंतर दादाचं. नाव भिंतीवर नाही, पायरीवरच. येणाऱ्याजाणाऱ्याची पायधूळ त्या नावाला लागावी, अशी चाल. कोरायला आबा. आबा म्हणजे चिऱ्याच्या खाणीजवळ पत्र्याच्या शेडीत राहणारा म्हातारा पाथरवट. पाटे-वरवंटे, तुळशीवृंदावनं, जात्याला टाकी लावणं, सगळं तोच करायचा. तोंडात कायम तंबाखू, आणि बोलणं असं की बायका त्याच्या वाटेला जात नसत. ज्या घराचं नाव चाललं असेल त्या घरातून आबाला पेज जायची, अशीही एक चाल होती. आमची पायरी खालून तिसरी, पण आईने सगळ्यात शेवटी कोरा म्हणून सांगितलं. का, ते तिने सांगितलं नाही. मला वाटतं तिला मुदत हवी होती. तेवढ्यात दादा आला असता.

पण पेज मात्र आईने पहिल्याच दिवसापासून धाडली. ती न्यायचं काम माझं. माझं डी.एड. झालं होतं आणि नोकरीचा पत्ता नव्हता. घरात बसलं की सायकल दिसायची. देवळाच्या पायऱ्यांवर निदान टाकीचा आवाज असायचा. टण्, टण्, मग एक थांबा, मग पुन्हा टण्. पेजेचं भांडं ठेवून मी तिथेच उभी राहायचे. एकदा आबाने मान वर न करताच विचारलं, "बघतंस काय खांबासारखी उभी ऱ्हवान? बस हय. हात दाखव." ज्योतिष्याने बघावा तसा त्याने माझा पंजा उलटसुलट करून बघितला. "पेना धरून मऊ केलंस. चलात." त्याचा स्वतःचा हात पेजेची वाटी धरताना थरथरत होता. मला वाटलं, थंडीने. हातोडी धरली की ती थरथर थांबायची.

देवळाच्या मागे एका मोडक्या दगडावर त्याने मला बसवलं. मार्गशीर्ष सगळा रेघा मारण्यात गेला. नुसत्या आडव्या रेघा. अक्षराचं नाव काढलं की तो उखडायचा. "आधी रेघ. रेघ सरळ जाली काय अक्षर तिका धरून लोंबकाळता." गेरूत, म्हणजे आमच्या कावेत, भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून तो मधोमध चिमटीने उचलायचा आणि सोडायचा. दगडावर लाल रेघ उमटायची, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक शिंतोडे. सकाळी दगडावर दव असायचं, म्हणून आधी ते कापडाने टिपायचं. दगडाला टाकी लागली की एक करपल्यासारखा वास येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं कुठेतरी काही जळतंय. तो वास नंतर केसांत, ओढणीत, ताटातल्या भातात यायला लागला. आई नाकाला पदर लावून वाढायची.

"दगडाक मारू नको गो, टाकयेक मार. दगड आपणहून उघडता." हे त्याचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. आबाला त्याचं भारी कौतुक. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "बघा, मास्तरणीचा सर्टिफिकेट."

पौषात उभ्या रेघा आल्या. माघात, काजूला मोहर आला तेव्हा, गोलाई. काजूचा मोहर दुपारी ऊन चढलं की असा काही गोड आणि कुबट वास सोडतो की डोकं जड होतं. त्या वासात मी व आणि ब ची पोटं कोरत बसलेली असायचे. आबा करवंट्या पेटवून भाता मारायचा, बोथटलेल्या टाक्या लाल करून ठोकायचा आणि पाण्यात बुडवायचा. चर्र असा आवाज व्हायचा, लोखंडाचा वास असलेली वाफ यायची. ते पाणी तो कुणाला सांडू द्यायचा नाही. पायाला भेगा पडल्या की त्याच पाण्यात पाय बुडवून बसायचा.

आणि एक गोष्ट. पायऱ्या आधीच बसवलेल्या. कोरणाऱ्याने वरच्या पायरीवर खाली तोंड करून बसायचं, आणि अक्षरं मात्र खालून वर येणाऱ्याला वाचता यायला हवीत. म्हणजे कोरायचं सगळं उलटं. मला पहिल्यांदा गरगरलं. आबा म्हणाला, "तुका वाचूक होया काय? वाचणारो येतलो तो सरळ नजर घालीत येतलो. तू तुझा काम कर." म्हणून आजही मला अक्षरं दोन्ही बाजूंनी सारखीच ओळखू येतात. वर्गात मुलांच्या समोर उभी राहून त्यांच्या वह्या मी उलट्याच तपासायचे. मुलांना ती जादू वाटायची.

खोलीची परीक्षा पाण्याने. अक्षर पुरं झालं की आबा लोटीतून पाण्याची बारीक धार त्याच्या वरच्या टोकाला सोडायचा. पाणी सगळ्या वळणांतून फिरून सारखं उभं राहिलं पाहिजे. कुठे डबकं झालं किंवा कुठे दगड कोरडा राहिला, की तो तिथे बोट ठेवायचा. "हय पाणी फुडे जाणा नाय. म्हंजे हय तू घाबारलंस." खरंच घाबरलेली असायचे. ते त्याला पाण्यावरून कसं कळायचं कोण जाणे. सारखं राहिलं की म्हणायचा, "पाणी धरल्यान." याहून जास्त शाबासकी त्याने कुणाला दिल्याचं मी ऐकलं नाही.

फाल्गुनात सुरंगी फुलली. सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला निघालेल्या बायका देवळाच्या पायऱ्यांवर टेकायच्या आणि पायऱ्यांवर तो वास दिवसभर राहायचा. शिमग्याचे ढोल लांबून वाजू लागले. सगळी नावं संपली, आमची पायरी राहिली. आणि तोवर आबाची थरथर हातोडीपर्यंत पोचली होती. एक दिवस त्याने टाकी दगडावर ठेवली, हातोडी उचलली, आणि बराच वेळ ती तशीच हवेत धरून बसला. मग माझ्यापुढे ठेवली. "तुज्या भावाचा नाव. तूच कोर." मला रडू आलं नाही. राग आला, कुणाचा ते माहीत नाही.

आईला बोलावलं. ती घरातलं काम टाकून आली, हात ओलेच होते. आबाने कावेची दोरी ताणून धरली आणि विचारलं, "काय घालूचा, वयनी?"

"रमाकांत. इतक्याच. देवाक आडनाव कित्याक होया?"

"आणि आधी?" आबाने दोरी सैल सोडली. "श्री काय कै?"

एवढं विचारायला त्याला किती जड गेलं असेल, ते मला आता कळतं. तेव्हा मला त्याच्या तोंडावर पाणी फेकावंसं वाटलं होतं. हयात माणसाला श्री आणि गेलेल्याला कै. या दोघांच्या मधल्या माणसाला काय लावतात? आई पायरीकडे बघत राहिली. वर घंटा वाजली, कुणीतरी नमस्कार करून खाली उतरलं, आमच्याकडे बघितलं आणि घाईने गेलं.

"जागा सोडा," आई म्हणाली.

आबा पायरीवर वाकला. त्याने दोन बोटांनी जागा मोजली, तिथे कावेची फुली केली आणि तिच्यापुढून दोरी मारली. ती मोकळी जागा त्याने स्वतः घासली. थरथरत्या हाताने, दोन दिवस, वाळू आणि पाणी घालून. बाकीच्या पायरीवर टाकीचे वण आहेत, ती तेवढी गुळगुळीत आहे. मी त्याच्या बाजूला बसून उलटा र कोरत होते. र ची शेपटी ओढताना कपची उडाली. मी हातोडी टाकून दिली. आबाने ती शेपटी बोटाने चाचपली आणि म्हणाला, "ऱ्हवंदे. तुज्या भावाच्या नावात खोट नसली तर तो तुजो भाव कसो?" मला हसू आलं. दादा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन. मग मा झाला, का झाला, वरचं टिंब झालं, त झाला. टिंब सगळ्यात कठीण. टाकी एका जागी उभी धरून सगळ्या बाजूंनी फिरवत न्यायची. त्याला रेघेचा आधार नाही. आबा म्हणाला, "टिंबाक दम धरू नको. श्वास घेत ऱ्हव." पाणी सोडलं. र च्या शेपटीपाशी ते जरासं अडलं, आणि पुढे गेलं.

आबाने त्यानंतर दोन पावसाळे काढले. शेवटी शेवटी खोकल्याने त्याचं बोलणं बंद झालं होतं. दगडाची धूळ आत किती साठली होती, ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. जाण्याआधी त्याने एक टाकी आणि लहान हातोडी तेलाच्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे धाडली. शेडीचा पत्रा कुणी नेला, भात्याचं चामडं कुणी नेलं. आता त्या खाणीत पाणी भरलंय आणि म्हशी डुंबतात. कधी तिथून गेलं की वाटतं, टाकीचा आवाज ऐकू येईल. काही ऐकू येत नाही. म्हशी तेवढ्या बघतात.

पायरीवरून सगळं गाव चढलं, उतरलं. लग्नाची जोडपी चढली. "लोकांचे पाय लागांदेत, तेचा बरा होतला," आई म्हणायची. तिने स्वतः मात्र त्या पायरीवर कधी पाय ठेवला नाही. वाकायची, मोकळ्या जागेवर तळवा टेकायची, आणि मग एक पायरी गाळून वर जायची. साठीनंतर गुडघे दुखायला लागले, तरी तशीच. मी हाताला धरून म्हणायचे, आये, ठेव ना पाय. ती म्हणायची, "माझ्या झिलाच्या नावार मी कशी पाय ठेवू?" गावातल्या नव्या सुनांना वाटायचं तिथे काहीतरी देवाचं आहे. त्याही वाकून हात लावायला लागल्या.

बारा वर्षं झाली तेव्हा भटजी आले. बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, दिवस करतात, त्याशिवाय गती नाही, असं समजावून सांगायला लागले. चांगल्या मनानेच आले होते. आईने त्यांना कोकमाचं सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भटजीनु, माझो झील गवताचो नाय." भटजी सरबत संपवून गेले. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

मला स्थळं आली, मी नाही म्हटलं. नोकरी कुडाळात लागली, रोज जाऊन येऊन केली. लोक म्हणायचे, आईसाठी राहिली हो पोर. मीही तेच म्हणायचे. वाट आई बघते, आणि मी आईला बघते, असं मी या सगळ्याचं सोपं करून ठेवलं होतं. मनातून मला पक्कं ठाऊक होतं की दादा कुठेतरी संपला. शिकलेली बाई मी. असं धरून चालणं मला शहाणपणाचं वाटायचं.

तर परवा टेम्पो गेला आणि मी आईला उचलून पडवीतल्या खाटेवर आणून बसवलं. दगड तिच्यासमोर होता. तिने हात पुढे केला आणि न चुकता मोकळ्या जागेवर ठेवला. मग बोट सरकवत र च्या तुटक्या शेपटीवर आणलं. तिथे जरा थांबली. बाहेर नारळाच्या झावळ्या हलत होत्या, ऊन पडवीच्या कठड्यापर्यंत आलं होतं.

"टाकी आसा मा तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"आसा. कित्याक?"

"कै घाल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, आये, काहीतरीच काय. मी म्हटलं, इतकी वर्षं सोडली ना जागा, आता कशाला? मी म्हटलं, मशीनवाल्याला मी सांगते, श्री घाल म्हणून. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आसतलो गो तो खंय तरी!" एवढ्या मोठ्याने, की वहिनी कुंपणापाशी आल्या. तेव्हा मला समजलं की मीसुद्धा वाट बघत होते. आईच्या आडोशाने, एवढी वर्षं, कुणाला दिसू न देता. ती वाट बघतेय तोवर मला शहाणं राहता येत होतं. तिने सोडलं तर सगळं माझ्यावरच येणार होतं.

आईने माझा हात शोधून धरला. तिचा हात आता नुसतीच हाडं आहे. "बाय," ती म्हणाली, "मी आता जातलंय. हय तेची वाट बघलंय. थंय गेल्यार पण वाटच बघूची काय माका? तो फुडे गेलेलो आसलो, तर माका थंय गावतलो तरी."

या वेळी मी चहा टाकला नाही. उठून आबाने धाडलेलं फडकं काढलं.

टाकी फडक्यात होती तशीच निघाली. तेल सुकून पिवळं झालं होतं. धार मी परसातल्या दगडावर घासून काढली, आबासारखी पाजता आली नाही. वर्तमानपत्राचा कागद रमाकांतमधल्या क वर धरला, कोळशाने घासून त्याचा छाप घेतला, आणि तोच क मोकळ्या जागेवर उतरवला. दुसरा क मला सुचेना. त्याच्याच नावातला घेतला. बसायची वेळ आली तशी मी आपोआप दगडाच्या पलीकडे गेले, आईकडे तोंड करून. आईला सुलटं, मला उलटं.

पहिल्या घावाला आवाज निघाला आणि मला वाटलं, आबा आता ओरडेल. तोच करपल्यासारखा वास आला. आबाने घासून ठेवलेली ती जागा इतकी गुळगुळीत होती की टाकी घसरत होती. इतक्या वर्षांच्या आईच्या तळव्याने ती काळी, तुकतुकीत झाली होती. खाली दगड पांढुरका निघाला. वाटलं, कुणाचं तरी अंग सोलतेय मी. थांबले. आई म्हणाली, "आवाज कित्याक थांबलो?" पुन्हा सुरू केलं. मधे पेज झाली. दुपार कलली. क ची दोन्ही पोटं झाली, वरच्या दोन मात्रा झाल्या, आणि शेवटी कै. मधलं टिंब राहिलं. श्वास घेत राहायचं, एवढं मी स्वतःला सांगत होते. अंगठ्याचं नख पुन्हा काळं झालं.

फुंकर मारून मी धूळ काढली. पाणी आणायला आत गेले तर लोटी सापडेना, म्हणून देवाजवळचा तांब्या आणला. आईने तो माझ्या हातातून घेतला. "मी घालतंय." तांब्या हलत होता. मी तिचं मनगट धरलं नाही. पाणी आधी इकडेतिकडे सांडलं, मग मात्रेतून उतरलं, क मध्ये शिरलं, दोन्ही पोटांतून फिरलं. कुठे अडलं नाही. आई ओणवी होऊन बघत होती, तिला दिसत नव्हतं. तिने बोट बुडवून बघितलं. सगळीकडे सारखं ओलं होतं. मग तिने टिंबात बोट ठेवलं आणि थोडं पाणी तिथे आणून सोडलं. तिचे ओठ हलले. दादाला जे पाणी कुणीच दिलं नव्हतं ते ती देत होती, आणि मी समोर गुडघ्यावर बसून मोठमोठ्याने रडत होते.

"धरल्यान पाणी," ती म्हणाली.

ग्रॅनाइटवर आमचं नाव नको, असं मी त्या मुलाला कळवलंय. हा दगड आमच्याच दारात पहिली पायरी म्हणून बसवायचा आहे, गवंडी येतो म्हणालाय. मी त्याच्यावर पाय ठेवू शकेन का, मला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी मी आईला उचलून आत नेत होते. उंबऱ्यापाशी तिने मला थांबवलं. ओलं बोट तिने पदराला पुसलं नव्हतं. त्याच बोटाने तिने पडवीच्या कोपऱ्याकडे दाखवलं.

"ती सायकल आता कोणाक तरी दी, बाय. चलवतलो तरी."